पेंटेनचा चौथा आयसोमर

टेंभुर्णी, ता. जाफ्राबाद
२ फेब्रुवारी १९९७

ती. उषाक्कास साहेबरावचा शिरसाष्टांग नमस्कार.

विषय अत्यंत गंभीर आहे, तेव्हा हातातलं काम खाली ठेवून वाच. माझ्या पेंटेनचा मधला कार्बन उंदरानं खाल्ला.

संक्रांतीला तू तिळाचे लाडू पाठवलेस. मी एकाला दात लावला. दात हलला, लाडू हलला नाही. कांता म्हणाली, अक्कांचं प्रेम आहे, टाकायचं कसं? म्हणून ते प्रेम मी कॉलेजात नेलं. बारावी सायन्सच्या पोरांना रेणू कसा दिसतो हे दाखवायला आमच्या संस्थेकडं काहीही नाही. मॉडेलसाठी केलेला मागणीअर्ज चार वर्षांपासून अध्यक्षांच्या टेबलावर झोपलाय. तुझा लाडू म्हणजे तयार कार्बन. तापलेल्या सळईनं चार भोकं पाडायची, खराट्याच्या काड्या खुपसायच्या, झाले कार्बनचे चार हात. पाच लाडू एकमेकांना जोडायचे, रिकाम्या राहिलेल्या हातांवर हायड्रोजन म्हणून बारा फुटाणे लावायचे. हा पेंटेन.

आता गंमत बघ. तेच पाच लाडू, तेच बारा फुटाणे, पण मांडणी तीन तऱ्हेची होते. एक, पाचही ओळीनं उभे. दोन, चार ओळीनं आणि पाचवा एकाच्या खांद्यावर. तीन, एक मधोमध आणि चौघं त्याच्याभोवती. माल तोच, घर वेगळं. यांना आयसोमर म्हणतात. तिघांचा स्वभावही वेगळा, उकळायचं तापमानही वेगळं. तर त्या तिसऱ्यातला नेमका मधला उंदरानं खाल्ला आणि बाकीचे चौघं टेबलावर चार दिशांना पडले होते. मी प्राचार्यांकडं लेखी तक्रार केली. त्यांनी शेरा मारला की उंदीर हा विषय जीवशास्त्र विभागाचा आहे.

उंदराचं एक वेळ परवडलं. पोरांचं काय करू? दरसाल निम्मा वर्ग सरळ साखळी थोडी वाकवून काढतो आणि म्हणतो, सर, हा चौथा. अरे बाबा, माणूस पाय सोडून बसला काय आणि मांडी घालून बसला काय, माणूस तोच. तुझ्या वसंतानं दिवाळीत माझ्यासमोर बसून हा चौथा आयसोमर काढला, मी खोडला, त्यानं पुन्हा काढला. त्याला सांग, तीनच. नाव बदललं, गाव बदललं, तरी तीनच.

मुख्य बातमी शेवटी लिहितो, कारण तू चिडणार. बोर्डाचा आदेश आलाय. बारावीला मला बैठ्या पथकात टाकलंय आणि केंद्र तुमच्या गावचं आहे. आमचा भाचा परीक्षेला आहे असं मी कळवलं, पण दुसरा माणूस नाही म्हणाले. तेव्हा मी शाळेतच झोपणार, शाळेतच जेवणार. तुझ्या घरी पाणी प्यायलासुद्धा येणार नाही. रागावू नको.

तुझा,
साहेबराव


घनसावंगीच्या अलीकडून
१४ फेब्रुवारी ९७

चि. साहेबरावास उषाक्काचा आशीर्वाद.

लाडवाचं वाचलं. पाक जरा पुढं गेल्ता, ते कबूल. पण तुझ्या दाजीनं घरातले सगळे खाल्ले, एक शब्द बोलले न्हाईत. आता तू म्हणशील, त्यांचं तोंडच उघडलं नसंल. बोल बाबा, तुझी जीभ लहानपणापासून अशीच हाय. शाळामास्तर झाला म्हणून पगार तरी मिळतो तिचा.

घनसावंगीपासून जीपमधी लटकत येशील आन् बहिणीच्या दारावरून शाळंत झोपाया जाशील. लोक म्हणतील, अप्पारावच्या बायकोनं भावाला हाकललं. पण तुझी नोकरी हाय, मी आडवी येत न्हाई.

फक्त आमच्या गावची रीत तुला आधी सांगून ठेवते, म्हणजे तू येऊन तमाशा करणार न्हाईस. आमच्याकडं बारावीचे पेपर लागले की त्याच दिवशी देवळात सप्ताह बसतो. नाव सप्ताह हाय, चालतो पेपर संपस्तोर. कारभारी माईकवाल्याचे चार भोंगे लागतात. आतून पेपर बाहेर आला की मंडपात आमच्या शाळंच्या अध्यक्षांचा पुतण्या भुजंग उत्तरं सांगतो, तो बी.एस्सी. झालेला हाय. मधी मधी हरिनाम. भरारी पथकाची जीप दिसली की निस्तं हरिनाम. गावातल्या सगळ्यांची लेकरं हायत, कुणी वाईट म्हणत न्हाई. मागच्या साली पथकात एक अंबडकडचा साहेब आल्ता, त्यानं लई कायदा केला. त्याचं डोकं फुटलं आन् आमच्या गावचं नाव फुकट खराब झालं.

साहेबराव, तीन पोरींवर झालेला वसंता हाय. दाजीच्या अंगात आता काम व्हत न्हाई. पोराला डी.एड.ला नंबर लागला तर मास्तर व्हईल, तुझ्यासारखा. मार्क कमी पडले तर ह्याच गावात त्या भुजंगाच्या मागं मोटारसायकलवर बसून फिरंल. मला दुसरं काई नको. तू खुर्चीवर बस, चहा पी, पेपर वाच. भोंग्याकडं कान देऊ नको.

तुझी,
उषाक्का


सरकारी दवाखाना, जालना
१३ मार्च १९९७

ती. उषाक्कास सा.न.

डाव्या हातानं लिहितोय. अक्षर पाहून वसंताचं पत्र समजू नको. उजव्याला प्लास्टर आहे. मनगटाच्या वर दोन हाडं गेली आणि तीन बोटं. डॉक्टर म्हणाले, बोटं वळतील, खडू धरता येईल की नाही ते आत्ताच सांगता येत नाही.

तुझा सल्ला मी मानला होता हे आधी नोंदवून घे. पहिले पेपर मी खुर्चीवर बसूनच काढले. इंग्रजीच्या दिवशी भोंग्यातून निबंध आला, अधूनमधून देवाचं नाव घेत. खिडक्यांना गज नाहीत, आधीच कापून ठेवलेत, त्यातून चिठ्ठ्या येत होत्या. मी चहा प्यालो. केंद्रप्रमुख म्हणाले, सर तुमच्यासारखी समजूतदार माणसं बोर्डात पाहिजेत. मला तो गौरव वाटला, यावरून माझी अवस्था ओळख.

केमिस्ट्रीच्या दिवशी गावात लाईट नव्हती. कारभारीनं माईक बॅटरीवर लावला होता. प्रश्न आला: पेंटेनचे आयसोमर काढा, आणि ब्युटेनपासून होणारे अल्किल मूलक लिहा. अक्का, निबंध भोंग्यातून सांगता येतो. रेणू कसा सांगणार? भुजंगानं सांगितला. ‘पाच कार्बन एका ओळीत. झालं? आता दुसरा काढा. चार ओळीत, एक डोक्यावर. हरी हरी. आता तिसरा, चौकाचा. आता चौथा काढा. तीन सरळ आणि दोन खाली वाकवा.’ मी पर्यवेक्षणाला उठलो. शंभरावर पोरं माना खाली घालून पेंटेनची शेपटी खाली वाकवत होती. काहींनी वर वाकवली, तर मागचा त्यांना म्हणाला, अरे खाली सांगितलंय.

सगळं गाव मिळून कॉपी करतंय याचा मला राग आला नाही. उत्तर चुकीचं आहे याचा आला. पंचवीस वर्षं मी एकच गोष्ट सांगत आलो आणि ती चार भोंग्यांतून चुकीची सांगितली जात होती. मी सरळ मंडपात गेलो, भुजंगाच्या हातातला माईक घेतला आणि म्हणालो, ‘तीनच आहेत. चौथा म्हणजे पहिलाच वाकवलेला. खोडा तो. वसंता, तू तरी खोड, दिवाळीत सांगून सांगून तोंड दुखलं माझं.’ आणि ओघात दुसऱ्या भागाचं उत्तरही सांगायला लागलो. होय, पथकातला माणूस माईकवरून उत्तर सांगत होता. बोर्डाला हे अजून कळलेलं नाही.

गावाला वाटलं, पथकवाला मुद्दाम पोरांची उत्तरं खोडवतोय. हॉलमधून आरोळी उठली. पोरं खिडक्यांतून बाहेर पडली. एकानं कॉलर धरून मला मागं ओढलं, दुसऱ्यानं पोटात लाथ घातली. पडलो तो मंडपाच्या फरशीवर, तोंड फुटलं, पुढचा दात तिथंच राहिला. माईक मात्र हातातच होता. का सोडला नाही ते विचारू नको. माईकच्या स्टँडचा लोखंडी पाईप घेऊन तिसरा आला. माझा हात त्यांनी पायरीवर आडवा ठेवला. तीन घाव. माईक चालू होता अक्का. माझं हाड मोडल्याचा आवाज मी आधी भोंग्यातून ऐकला, दुखलं नंतर. मग माझंच ओरडणं साऱ्या गावावरून फिरत होतं, आणि मला वाटलं, किती वाईट आवाज आहे या माणसाचा.

तिघांनी तोंडाला उपरणी बांधली होती. मी कुणालाच ओळखलं नाही. पोलिसांना जबाबात तेच सांगितलंय.

भोंगे चार होते. तू ऐकलं असशील.

तुझा,
साहेबराव


घनसावंगीच्या अलीकडून
२० मार्च ९७

चि. साहेबरावास आशीर्वाद.

पत्र वाचून दोन दिस जेवले न्हाई. हात कसा हाय? गावाला काय झालंय देवच जाणे. त्या दिवशी मी मळ्यात होते. भुईमुगाला पाणी चालू होतं, मोटारीच्या आवाजात काईच ऐकू आलं न्हाई. सांजच्याला बायांकडून कळलं. वसंता तर हॉलातच बसून होता म्हणं, त्याला काई ठावं न्हाई. बाकीचे पेपर बराबर देऊन राह्यला.

तू कुणाला ओळखलं न्हाईस हे बरं झालं. बाहेरगावचे असतील, सप्ताहाला कुठून कुठून लोक येतात. आता पोलीस बिलीस वाढवू नको. जीव वाचला हेच लई.

दाजी भेटाया येणार व्हते, पण त्यांच्या गुडघ्यानं उचल खाल्लीय. जल्दी बरा हो.

तुझी,
उषाक्का


टेंभुर्णी
२ एप्रिल १९९७

ती. उषाक्कास,

घरी आलोय. कांता मला जेवू घालते, आणि प्रत्येक घासाला तुमच्या गावाचा उद्धार करते.

काल तुमच्याकडचे फौजदार टेंभुर्णीला आले होते. आनंदात होते. आरोपी सापडला म्हणाले, फक्त तुमची ओळख पटवल्याची सही पाहिजे. कोण, विचारलं. कारभारी माईकवाला.

मूलक म्हणजे काय ते त्या दिवशी मला पुरतं सांगता आलं नव्हतं, आता सांगतो. ब्युटेनमधून एक हायड्रोजन उपटून काढला की उरलेल्याचा एक हात रिकामा राहतो. तो हात रिकामा राहू शकत नाही. समोर जो येईल त्याला धरतो, योग्य-अयोग्य बघत नाही. तुमचे फौजदार तसेच आहेत. वरून सांगितलं, आरोपी पाहिजे. अध्यक्षांचं घर ओलांडून पुढं गेले, तर नाल्यापलीकडच्या वस्तीत कारभारी जवळ सापडला. पाईप त्याच्या स्टँडचा, बॅटरी त्याची, माईक त्याचा. पुरावा आणखी कसला हवा?

त्याला नऊ दिवस आत ठेवलंय. कागदावर अटक दोनच दिवसांपूर्वीची आहे. फौजदार मला मोकळेपणी सांगत होते, सर, तळव्यांवर पट्टा चालवला तेव्हा कुठं कबूल झाला. उजव्या कानातून रक्त येतं म्हणे, आधीचंच असेल म्हणाले. माझ्या घरचा चहा पीत सांगत होते. मी सही केली नाही. आठ दिवसांनी पुन्हा येतो म्हणाले, तोवर आठवून ठेवा.

अक्का, त्या दिवशी गावात लाईट नव्हती. मागच्या पत्रात लिहिलं होतं मी. तुझी मोटार कशावर चालत होती?

मीही तुला खोटं लिहिलं. उपरण्यातून चेहरा दिसत नाही, पण आवाज येतो. पाईप उचलण्याआधी तो म्हणाला, ‘मामा, माईक सोडा.’ मी सोडला नाही. मग म्हणाला, ‘सोड म्हणलं ना.’ दुसरा घाव त्यानंतर.

हे मी दवाखान्यात पहिल्या रात्रीपासून जाणतो, आणि लपवलं. वाटलं, हात मोडलाय तो माझा, माफ करायचाही हक्क माझाच. आता तळवे कारभारीचे आहेत. त्याचे मी कसे माफ करू?

तू सांग.

साहेबराव


घनसावंगीच्या अलीकडून
९ एप्रिल ९७

साहेबराव,

मी घरात व्हते. चुलीम्होरं. भोंगा आमच्या गल्लीच्या तोंडाशीच हाय. तुझा आवाज आला तव्हा मला हसूच आलं, म्हणलं माझा भाऊ माईकवर बी शिकवाया लागला. मंग वसंताचा आवाज आला. मंग तुझा. मी भाकर तव्यावर तशीच ठेवून पळाले, देवळाच्या कोपऱ्यापस्तोर आले. दाजीनं मला धरलं. म्हणले, गेलीस तर सगळ्यांना कळंल तो आपला व्हता. साऱ्या गावानं ऐकलंय साहेबराव, कोण न्हाई ऐकलं? आन् एकजण बोलाया तयार न्हाई. मी तिथंच उभी राह्यले. तू ओरडत व्हता आन् मी उभी व्हते. आता तुझ्या मनाला येईल ते मला म्हण.

पण एक सांगते. पहिलं नाव तू घेतलंस. सगळ्या गावाम्होरं, चार भोंग्यांतून, वसंता तू तरी खोड. हॉलातली पोरं हसली त्याला. भुजंग म्हणला, तुझा मामा तुझीच बारावी बुडवून राह्यला आन् तू बसून राह्यला. आठरा वर्षांचं पोर हाय. तुझ्या जिभेनं लोक हसतात, ज्याच्यावर हसतात त्याला काय व्हतं ते तुला कधी दिसलं न्हाई. मी ते पोराची बाजू घेऊन लिहीत न्हाई. घेऊनच लिहिते, खोटं कशाला बोलू.

पाईप वसंतानं मारला. कॉलर भुजंगानं धरली, लाथ अध्यक्षांच्या पोराची, शिवाजीची. त्या दोघांचं कोण काय करणार? पैसा हाय, वकील हाय. तू नाव घेतलं तर आत जाईल तो माझाच.

कारभारीला सोडवतील कधीतरी. अध्यक्ष म्हणले, त्याच्या घरच्यांना धान्य देऊ. त्या लोकांना पोलिसाची सवय हाय.

हे वरचं वाक्य लिहिलं आन् पेन खाली ठेवला. खोडणार व्हते. राहू दे, तुला कळू दे मी कुठवर आले. काल चतुराबाई, त्याची माय, माझ्या दारात येऊन बसली व्हती. काई मागितलं न्हाई. नुस्ती बसली, आन् उठून गेली.

मी तुला पदर पसरते. माझ्या पोराचं नाव घेऊ नको.

उषाक्का


टेंभुर्णी
२८ एप्रिल १९९७

ती. उषाक्कास,

तुला सगळं ठाऊक आहे, तू ठाण्याच्या आवारात होतीस. तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवतो. तू पुन्हा कधी उत्तर लिहिशील असं वाटत नाही, त्यामुळं हे पत्र लांबवत नाही.

जबाबासाठी फौजदारांकडं गेलोच नाही. जालन्याला मोठ्या साहेबांसमोर पुरवणी जबाब दिला. तिन्ही नावं दिली. आधी भुजंग, मग शिवाजी, मग वसंता. क्रम मुद्दाम लावला, आणि भीती होती तसंच झालं, पहिलं नाव लिहून लेखनिकाचा हात थांबला होता आणि तिसऱ्याला तो भराभर चालू लागला. मी म्हणालो, पहिली दोन नसतील तर तिसऱ्यावर माझी सही मिळणार नाही. साहेबांनी माझ्याकडं बरंच पाहिलं आणि लेखनिकाला म्हणाले, लिही. मी स्वतः माईकवरून उत्तर सांगत होतो, तेही लिहून दिलं. बोर्डाची नोटीस कालच आली. पुढच्या वर्षी मला खुर्ची मिळणार नाही, बहुधा नोकरीही थोडी वाकडी होईल.

वसंताला ठाण्यात आणला तेव्हा तू बघितलंस. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, माझ्या हाताकडं बघितलं. त्याच्या गालावर बोटं उमटलेली होती. मी फौजदारांना सांगितलं की यालाही हात लावला तर तोही जबाब देईन. ते हसले. दाजी माझ्या पायाशी थुंकले. तू मला शिव्या दिल्या असत्यास तर जीपमध्ये बसणं सोपं गेलं असतं.

वकील लावलाय. माझ्या ओळखीचा आहे, वसंताची केस तो बघेल. फी तुला विचारणार नाही. तू नको म्हटलंस तरी तो बघेल. जामीन होईल. डी.एड. होणार नाही. मामानं बुडवलं असं त्यानं जन्मभर म्हणावं, ते खोटं नाही. त्यानं मारलं हेही खोटं नाही. माझ्या डोक्यात ही दोन्ही शेजारी शेजारी बसून असतात, एकमेकांशी बोलत नाहीत.

कारभारी त्याच संध्याकाळी सुटला. तळवे टेकत नव्हते, दोघांनी धरून जीपमध्ये घातला. मीही त्याच जीपनं गेलो. तुझ्या दारावरून गेलो. दार लावलेलं होतं.

एक गोष्ट मी तुला लिहिली नव्हती. त्या दिवशी मंडपात सगळं शांत झाल्यावर माझ्याजवळ कुणी आलं नाही. कारभारीनं आधी माईक बंद केला, मग मला उचलून सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. रस्त्यात मागचा टायर फाटला. सायकल त्यानं तशीच रिमवर रेटली, मला उतरू दिलं नाही. पोलिसांनी नंतर विचारलं, तू त्याला का नेलंस, तूच मारलं असशील. तोही त्याच्यावरचा पुरावा होता.

सायकल त्याच्या दारात भिंतीला टेकून होती, मागचं चाक तसंच. मी ती ढकलत नाक्यावरच्या दुकानापर्यंत नेली. नवा टायर आणि ट्यूब बसवून घेतली. एका हातानं ढकलायला वेळ लागला. परत आणून लावली, तेव्हा कारभारी ओट्यावर तळवे पाण्यात सोडून बसला होता. मी त्याच्या डाव्या कानाच्या बाजूला बसलो, म्हणजे त्याला ऐकू यावं.

त्यानं अंगठ्यानं टायर दाबून बघितला. ‘सर, हवा जरा जास्तच भरली,’ म्हणाला, आणि व्हॉल्व्हची टोपी काढून थोडी सोडली.

साहेबराव